विधवेचे नियम, भिक्षुणीचे नियम

रिठदला बोलायचं ठरलं तेव्हा विषय असा पुढे आला, की शिस्त आणि भक्ती यांनी माणूस खरोखर मोकळा होतो का. विषय ऐकून आमच्यापैकी एकजण म्हणाला, हा कीर्तनकाराचा विषय, आपल्या हाती कसा लागला? ते खरंच आहे. गावागावांत हरिनाम सप्ताह होतात, एकादश्या होतात, शेगावची पालखी पंढरपूरला जाताना आपल्याच वाशिम जिल्ह्यातून जाते. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचं उत्तर आधीच तयार असणार: होय, होतो. आणि मागच्या बाजूला बसलेल्या तरुण मंडळींचंही तयार असणार: छे, नियम आला की मोकळीक गेली.

आम्ही पडलो इतिहासवाले. आम्हाला असा प्रश्न दिला की आम्ही आधी विचारतो, कोणाची शिस्त? कधीची? ती कोणी घातली? म्हणून आज आपण सातशे-साडेसातशे वर्षं मागे जाऊ आणि एका बाईच्या आयुष्याकडे बघू. तिचं नाव महदाइसा. शाळेच्या पुस्तकात तिची एक ओळख असते, मराठीतली आद्य कवयित्री. एवढ्यावर तिला संपवलं जातं. ती कविता तिला कुठल्या आयुष्यातून सुचली, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. देवगिरीला यादवांचं राज्य. आधी महादेव राजा, मग रामचंद्र, म्हणजे आपण ज्याला रामदेवराव म्हणतो तो. आपला हा मुलूख तेव्हा काही कोपऱ्यात पडलेला नव्हता. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याला तेव्हाच सात-आठशे वर्षं होऊन गेली होती. इथून पश्चिमेला लोणार आणि मेहकर. लीळाचरित्र उघडलं तर चक्रधरस्वामींच्या फिरतीत ही दोन्ही नावं भेटतात. आणि उत्तरेला, अमरावतीच्या पलीकडे मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर. रिठद आणि रिद्धपूर कानाला जवळची वाटतात, पण गल्लत करू नका, गावं दोन आहेत. रिद्धपूर हे महानुभावांचं काशी-पंढरपूर म्हणा. मराठी भाषेचं विद्यापीठ अलीकडे तिथे सुरू झालं, ते उगाच नाही.

आता या काळातल्या शिस्तीकडे या. देवगिरीच्या दरबारात हेमाद्री नावाचा मोठा अधिकारी होता. हेमाडपंती देवळं म्हणतो ना आपण, तोच हा हेमाडपंत. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे आणि त्यात व्रतखंड आहे. या व्रतखंडात किती व्रतं असावीत? सुमारे दोन हजार, असं अभ्यासक सांगतात. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट आणि व्रतं दोन हजार! कोणत्या तिथीला काय खायचं, काय सोडायचं, कोणाला जेवू घालायचं, काय दान द्यायचं आणि त्याचं फळ काय मिळेल, सगळं लिहिलेलं. संतती, धन, आरोग्य, स्वर्ग, पतीचं दीर्घायुष्य. व्रत म्हणजे शिस्तच की. भक्तीही आहे त्यात. पण हिशोब बघा. एका हाताने द्या, दुसऱ्या हाताने घ्या. आणि चुकलात तर काय, याचं भय त्या हिशोबातच बसलेलं.

हेमाद्रीला आम्ही खलनायक करत नाही. महानुभाव परंपरा त्याला चक्रधरांचा छळ करणारा मानते. ती त्यांची आठवण आहे आणि ती त्यांनी जपली आहे. आमचा मुद्दा वेगळा. हा ग्रंथ हेमाद्रीने हवेतून आणला नाही. आधीच्या पुराणांतलं, स्मृतींतलं गोळा करून त्याने नीट लावून ठेवलं. म्हणजे समाजात जी शिस्त होती तिचा हा कोश. आणि या शिस्तीत सर्वांत जास्त नियम कोणाच्या वाट्याला? जिला फळ म्हणून मागण्यासारखं काहीच उरलं नाही तिच्या. विधवेच्या.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत विधवेची दिनचर्या सांगितलेली असते. एकवेळ जेवण. जमिनीवर निजणं. दागिना नाही, विडा नाही, सुगंध नाही, रंगीत वस्त्र नाही. मंगलकार्यात पुढे यायचं नाही. पुढे केशवपनही आलं. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीपर्यंत हे घराघरांत होतं, त्यामुळे आम्ही फार वर्णन करत नाही. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे.

महदाइसा बालविधवा होती. मूळ नाव रूपाई. नागदेव, ज्यांना पुढे भटोबास म्हणू लागले आणि ज्यांनी चक्रधरांच्या मागे पंथ सांभाळला, ते तिच्या नात्यातले. घर ब्राह्मणाचं, शिकलेलं. म्हणजे वरच्या जातीतली, आणि म्हणूनच विधवेचे नियम जास्त कडक. ती आधी दादोस नावाच्या एका साधूच्या मागे होती. त्याच्यामुळेच चक्रधरांपर्यंत पोचली.

चक्रधर हे मूळचे गुजरातचे. परंपरा सांगते, भडोचच्या प्रधानाच्या घरचे. घरदार टाकून, रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून निघाले आणि रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले. मग वर्षानुवर्षं फिरले आणि शेवटी पैठणला येऊन त्यांच्याभोवती माणसं जमली. त्यांत बायका बऱ्याच. नागूबाई ऊर्फ बाइसा सगळ्या व्यवस्थेवर, स्वयंपाकापासून ते कोण कुठे बसेल इथपर्यंत, नागदेवांची आई आबाइसा, बहीण उमाइसा, आणि महदाइसा. लीळाचरित्र वाचताना जाणवतं की हा पुरुषांचा मठ आणि बाजूला बायका, असा प्रकार नाही. बायका बसल्या आहेत, विचारतायत, भांडतायत, रुसतायत, एकमेकींची गाऱ्हाणी सांगतायत. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून ते लिहिलं, म्हणून ही सगळी बारीकसारीक माणसं त्यात राहिली.

आता चक्रधरांनी या मंडळींना काय शिस्त घातली ती ऐका. एका गावात ठाण मांडून राहायचं नाही. ओळखीपाळखीपासून दूर राहायचं, झाडाखाली राहायचं. भिक्षा मागून खायचं. तीही घर निवडून नाही, चारही वर्णांच्या दारी जायचं. जे मिळेल ते एकत्र करून खायचं, चव शोधायची नाही. जवळ साठवायचं नाही. जीव मारायचा नाही. कानडी आणि तेलुगू मुलखात जायचं नाही, महाराष्ट्रातच राहायचं. आणि सतत नामस्मरण. वाचायला चार वाक्यं, करायला महाकठीण. एक दिवस करून बघा म्हटलं तर आपल्यातला एकही टिकायचा नाही, आम्ही तर मुळीच नाही.

इथे जरा थांबा. ही यादी आणि मघाची विधवेची यादी शेजारी ठेवा. कमी खा. चव सोडा. दागिना नको. जमिनीवर झोपा. शृंगार नाही. संसार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काय फरक दिसला असता? महदाइसा घरी राहिली असती तरी तिने एकवेळच खाल्लं असतं. इथे येऊनही ती तेवढंच खाते, कदाचित कमीच. मग या बाईला मिळालं काय?

आमच्या मते सगळा प्रश्न इथे आहे. पोट तेवढंच रिकामं असून एका ठिकाणी बाई कोंडलेली आणि दुसऱ्या ठिकाणी मोकळी, हे कसं?

एक फरक उघड आहे. विधवेचा नियम तिने घेतलेला नाही. तो तिच्यावर नवऱ्याच्या मरणाने येऊन पडला. तिला कोणी विचारलं नाही. भिक्षुणीचा नियम तिने मागून घेतला. पण नुसतं एवढं म्हणून भागत नाही. माणूस बेडीही मागून घेतो, हे आपण रोज बघतो. तेव्हा पुढे जाऊ.

दुसरी गोष्ट रस्त्याची. विधवेच्या नियमाची दिशा आत आहे: घराच्या आत, घरातल्या मागच्या खोलीत, मंगलकार्य असेल तर नजरेआड. भिक्षुणीच्या नियमाची दिशा बाहेर आहे. तिला नियमच असा आहे की एका जागी राहू नकोस, चाल, अनोळखी दारात उभी राहा, ब्राह्मणाच्याही आणि शूद्राच्याही. जिचं तोंड सकाळी दिसलं तर अपशकुन म्हणायचे ती बाई झोळी घेऊन गावातल्या कुठल्याही दारात सकाळीच उभी राहते, आणि वाढणारी तिला नमस्कार करते. नियम तोच, कमी खा. पण यात तिला पाय मिळाले.

विटाळाचं उदाहरण घ्या. बायकांना पाळी आली की बाजूला बसायचं, ही रीत तेव्हाही होती आणि काही घरांत अजून आहे, खोटं कशाला बोला. लीळाचरित्रात चक्रधरांनी यावर जे सांगितलं त्याचा सारांश असा: शरीराला दारं आहेत, त्यांतून काही ना काही वाहतंच, नाकातून वाहतं तसंच हे. धुवावं आणि कामाला लागावं. तेराव्या शतकात एक पुरुष गुरू बसलेल्या बायकांना हे सरळ शब्दांत सांगतो. आणि बायकांना संन्यासाचा, मोक्षाचा अधिकार आहे का, असा मुद्दा आला तेव्हा त्यांनी विचारणाऱ्याची थट्टाच केली. पुरुषांचा तेवढा जीव मोठा आणि बायकांचा काय लहानखुरा असतो का, अशा अर्थाचं बोलले.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. महदाइसा विचारायची. सारखी विचारायची. लीळाचरित्रात ती जिथे येते तिथे बहुतेक वेळा तिच्या तोंडी प्रश्न असतो. चक्रधर तिला कौतुकाने म्हातारी म्हणत आणि ही जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, हिचं विचारणं काही थांबत नाही, अशा अर्थाचं बोलत. घरी विधवेने विचारलं असतं, की मी विडा का नाही खायचा, तर उत्तर काय मिळालं असतं ते तुम्ही-आम्ही जाणतोच. इथे नियम आहे, आणि नियमाला ‘का’ विचारायची जागाही आहे. विचारलं म्हणून भक्ती उणी ठरत नाही.

जरा तत्त्वज्ञानात शिरू, थोडंच. महानुभावांच्या विचारात चार पदार्थ नित्य मानले आहेत: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. परमेश्वर नित्यमुक्त. देवता, म्हणजे ज्यांना आपण नवस बोलतो, व्रतं करतो त्या सगळ्या, नित्यबद्ध. म्हणजे कायमच्या बांधलेल्या. आणि जीव? बद्धमुक्त. आज बांधलेला, पण सुटू शकणारा. गंमत बघा. ज्यांच्यापुढे दोन हजार व्रतं करायची त्या देवता कधीच सुटायच्या नाहीत, आणि व्रत करणारी, एकवेळ जेवणारी ती मागच्या खोलीतली बाई मात्र सुटू शकते. एवढा धीट विचार त्या काळी भाकरी थापणाऱ्या बायकांसमोर मराठीत मांडला जात होता. हेमाद्रीच्या ग्रंथाशी या विचाराचं भांडण होणार नाही तर काय होणार?

चक्रधर गेल्यानंतर, परंपरेच्या हिशोबाने १२७४च्या सुमारास, मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे राहिली. गोविंदप्रभू म्हणजे वेड्यासारखं वागणारा सिद्ध. कोणाच्याही घरात शिरायचे, हाताला येईल ते खायचे, हसायचे, रागवायचे, अस्पृश्यांच्या वस्तीत जायचे. शिस्तीच्या नावाने शून्य! आणि त्यांची सेवा करायला हे सगळे काटेकोर नियमाचे लोक. आम्हाला हे फार आवडतं. पंथाच्या मुळाशीच एक असा माणूस बसलेला आहे ज्याला एकही नियम लागू नाही. पुढे कोणी नियमालाच देव मानू लागला तर त्याला आठवण द्यायला तो आहे.

या गोविंदप्रभूंच्या मनात एकदा आलं, लग्न करायचं. मग लुटुपुटूचं लग्न मांडलं गेलं आणि महदाइसेने वराची गाणी म्हटली, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची. तेच तिचे धवळे. थोडा विचार करा. लग्नात विधवेने पुढे यायचं नाही, हा समाजाचा कडक नियम. आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण जिला ओळखतो ती बालविधवा, आणि तिची कविता काय, तर भर लग्नात उभं राहून म्हटलेली लग्नाची गाणी. कोणाविरुद्ध भाषण केलं नाही, नियम मोडला म्हणून मिरवलं नाही. गाणी म्हणायची वेळ आली, तिने म्हटली.

आता दुसरी बाजू, नाहीतर आम्ही पंथाची जाहिरात करतोय असं वाटेल.

चक्रधर आणि गोविंदप्रभूंनंतर पंथाचं आचार्यपद नागदेवांकडे गेलं, महदाइसेकडे नाही. ती ज्ञानी होती, जुनी होती, सर्वांना मान्य होती, तरी नाही. सूत्रपाठात पुरुष साधकाला चित्रातल्या बाईकडेसुद्धा बघू नये असं बजावलं आहे. बाईला साधक मानणाऱ्या पंथातच बाई म्हणजे मोह, हेही आहे. दोन्ही एकाच ठिकाणी. दामोदरपंडित आणि त्यांची बायको हिराइसा यांची हकिकत स्मृतिस्थळात येते. हिराइसेला आधी वैराग्य आलं. पंडित संसारात गुंतलेले. बायकोने आधी घर सोडलं, नवरा नंतर आला, आणि पुढे त्यांनी ‘वच्छाहरण’ लिहिलं. बाईने पुढे जाऊन नवऱ्याला वाट दाखवली म्हणून आपण ही गोष्ट आनंदाने सांगतो. पण ज्या घरांतून नवरा किंवा बायको अशी उठून गेली आणि मागचं माणूस आलंच नाही, त्या घरात काय झालं असेल? एकाच्या मोकळेपणाचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर गेला असणार. त्याबद्दल ग्रंथ फार बोलत नाहीत. इतिहासवाल्याने ग्रंथाचं मौनही ऐकायला हवं.

आणि मुख्य म्हणजे ही मोकळीक घर सोडणाऱ्यांची होती. जी घरीच राहिली, तिच्या मागच्या खोलीची भिंत यामुळे पडली नाही.

भटोबासांच्या काळात मात्र विचारायची ती जागा शाबूत होती. एक प्रसंग तुम्ही ऐकला असेल. केशिराजबास संस्कृतचे पंडित. त्यांना ग्रंथ संस्कृतात रचावासा वाटला. भटोबास म्हणाले, नको. त्याने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील. म्हाताऱ्या म्हणजे याच, महदाइसेसारख्या. मराठी भाषेचा अभिमान म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. आम्हाला त्यात भाषेपेक्षा जास्त काही दिसतं. ज्याला नियम पाळायचा आहे त्याला नियम वाचता आला पाहिजे, ऐकून कळला पाहिजे. कळला तरच त्याला प्रश्न विचारता येईल.

मग पुढे काय झालं? भटोबासांनंतर पंथात फाटाफूट झाली, आम्नाय पडले. देवगिरी बुडाली, धामधूम झाली. चौदाव्या शतकात ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले जाऊ लागले. सकळ लिपी ही त्यांतली मुख्य. अशा अनेक होत्या. अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, म्हणजे परक्याच्या हाती पोथी पडली तरी वाचता येऊ नये. पवित्र वचनांची विटंबना होऊ नये, हा हेतू समजण्यासारखा आहे. त्यामुळे पोथ्या वाचल्या, हेही खरं. मठांची साखळी पंजाबात आणि पार काबूलपर्यंत गेली आणि पोथ्या तिथेही टिकल्या. पण ज्या पंथाने म्हाताऱ्या वंचित होतील म्हणून संस्कृत नाकारलं, त्याच पंथाचं मराठी पाचशे-सहाशे वर्षं कुलपात राहिलं. बाहेरच्या मराठी माणसाला ते वाचता येईना. मग लोकांनी त्यांच्याबद्दल नाही नाही ते रचलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती कुलपं उघडली, महंतांनीही साथ दिली. आपल्याच भागातले, बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी या साहित्यासाठी आयुष्य दिलं. आज लीळाचरित्र कोणालाही उघडून वाचता येतं, ही फार जुनी गोष्ट नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळं आपल्याकडचंच कौतुक. तर त्याच शतकातलं बाहेरचं एक उदाहरण बघा. इटलीत असिसी नावाचं गाव आहे. तिथली क्लारा, मोठ्या घरातली मुलगी. घरच्यांनी ठरवलेलं आयुष्य सोडून ती फ्रान्सिसच्या मागे गेली आणि तिने चर्चकडे काय मागितलं? गरीब राहण्याचा हक्क. आम्हाला जमीन नको, उत्पन्न नको. मोठमोठे धर्माधिकारी तिला समजावत होते की बाई, बायकांच्या मठाला उत्पन्न हवं, निभाव कसा लागेल? तिने ऐकलं नाही. शेवटी तिने स्वतः लिहिलेल्या नियमाला १२५३ साली पोपची मंजुरी मिळाली आणि दोनच दिवसांनी ती गेली. पैठणला महदाइसा येण्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. दोघींना एकमेकींचा पत्ता असणं शक्य नव्हतं. फरक एवढा की क्लारेच्या बहिणी मठाच्या चार भिंतींतच राहिल्या. महदाइसेच्या नियमात भिंतच नव्हती. पण नियम स्वतःच्या हाताने लिहिण्यासाठी एक बाई आयुष्यभर अडून बसली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आतापर्यंत आपण घर सोडलेल्यांबद्दल बोललो. घरात राहून, कष्ट करून भक्ती करणाऱ्यांचं काय? आपल्या मातीत हा वारकऱ्यांचा प्रश्न. आणि त्यात आम्हाला सगळ्यांत जास्त टोचतो तो चोखोबांचा.

चोखामेळा मंगळवेढ्याचे म्हणून प्रसिद्ध. जन्म मात्र आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचा, असं परंपरा सांगते. नाम, वारी, काम, सगळं चोख. घरात बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे अभंग रचणारे. शिस्त कमी होती? भक्ती कमी होती? आणि देऊळ बंद. १३३८ साली मंगळवेढ्याला वेठीच्या कामात कूस कोसळला, त्याखाली ते गेले. समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, दाराबाहेर. ते दार त्यांच्या माणसांना उघडायला सहाशे वर्षं लागली. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा कुठे.

कीर्तनकार सांगतात, चोखोबा आतून मुक्तच होते. असतीलही, त्यांच्या अंतरंगाबद्दल आम्ही कोण बोलणार? पण हे वाक्य म्हणणारा दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे ते बघायची आम्हाला सवय आहे. आत उभं राहून बाहेरच्याला सांगणं, की तू मनाने मोकळाच आहेस, हे सोपं असतं. चोखोबांच्या घरच्यांनी आपल्या अभंगांत विचारलं, देवाला विचारलं, जातीबद्दल, विटाळाबद्दल, पोटातल्या संतापाने विचारलं. कर्ममेळ्याचा सूर तर बापाहून कडक आहे. गावाने ऐकलं आणि टाळ वाजवले. महदाइसेच्या प्रश्नाला समोरून उत्तर येत होतं. यांच्या प्रश्नाला कोणाचं उत्तर आलं?

उत्तर यायचं नाही असं दिसल्यावर माणसं काय करतात, तेही आपल्याच विदर्भाने पाहिलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला. १९३५ला येवल्याची घोषणा. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूर. बाबासाहेबांनी त्या दिवशी लोकांना काय दिलं हे नीट बघा. जुनं सोडा, आता तुम्ही मोकळे, जा घरी, एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. दारू पिणार नाही, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, अष्टांग मार्ग पाळीन, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करून घेणार नाही. लाखो माणसांनी उभं राहून म्हटल्या. म्हणजे आधुनिक महाराष्ट्रातला मुक्तीचा सर्वांत मोठा दिवस हा नियम घेण्याचा दिवस होता. आमच्या तरुण मित्रांनी, नियम म्हणजे बेडी म्हणणाऱ्यांनी, याचा जरूर विचार करावा. आणि या प्रतिज्ञा ज्याच्या नावाने घेतल्या त्या बुद्धाची शिकवण अशी, की मी म्हणतो म्हणून मानू नका, पारखून घ्या.

बाबासाहेबांना आम्ही महदाइसेच्या पंक्तीला ओढून बसवतोय असं कोणी समजू नये. काळ वेगळा, माणसं वेगळी, दुःख वेगळं. ती परमेश्वराच्या भक्तीत मुक्त व्हायला निघाली, त्यांनी ईश्वरच बाजूला ठेवला. तरी दोन्हीकडे घडलं काय? ज्यांच्यावर नियम पिढ्यान्‌पिढ्या लादलेले होते, त्यांनी ते टाकले आणि स्वतःच्या तोंडाने दुसरे घेतले. एक दिवसही नियमाशिवाय राहिले नाहीत.

शेवटी आम्हाला एक चिठ्ठी आली आहे, बायकांच्या बाजूने आलेली दिसते. विचारलं आहे, घरातल्या बाईने उपास मनाने धरला की घराने धरायला लावला हे ओळखायचं कसं? बाईला विचारलं तर ती म्हणणार, मनानेच. प्रश्न अवघड आहे आणि चक्रधरांच्या म्हातारीला शोभेल असा आहे. आम्ही एवढंच म्हणू, एखाद्या चतुर्थीला ती म्हणाली, आज नाही जमत, भाकरी खाते, तर त्या संध्याकाळी घरात काय होतं ते बघा. काहीच झालं नाही, सासूबाईंनीच ताट वाढलं, तर तो उपास तिचा. आणि घर आठ दिवस धुमसत राहिलं, तर तो हेमाद्रीच्या कोशातला.

दुसरी चिठ्ठी आहे की महदाइसेचं पुस्तक कुठे मिळेल. धवळे छापलेले आहेत, मोठ्या वाचनालयात विचारा. पण आधी लीळाचरित्र घ्या आणि त्यात ती जिथे काही विचारते तेवढीच पानं वाचा. भाषा जुनी आहे, सुरुवातीला अडखळाल. मोठ्याने वाचलं की कळतं, कारण आपल्या वऱ्हाडी कानाला त्यातले कितीतरी शब्द ओळखीचे लागतात. वेळ संपली आहे, चहा आला आहे. आपण इथे थांबू.